बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता?

पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही ३१ ऑक्टोबर १९८४ हा दिवस आठवतो का, असं विचारून पाहा. ‘आठवतो’ एवढ्यावर कुणी थांबत नाही. माणूस थेट जागेपासून सुरुवात करतो. ‘मी एसटी स्टँडवर होतो, गाड्या सोडायच्या बंद केल्या.’ ‘मी दळण घेऊन येत होते, वाण्यानं दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या होत्या.’ ‘शेजारच्या काकांकडे रेडिओ होता, त्यांच्या ओट्यावर सगळी आळी जमली होती.’ इंदिरा गांधी गेल्या हे सगळ्या देशाला ठाऊक असलेलं. पण सांगणारा ते सांगताना दळणाचा डबा, स्टँडवरचं बाकडं, शेजारच्यांचा ओटा असं काहीतरी आपलं घेऊनच येतो. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी किंवा गुरुवारी आपण काय करत होतो, हे मात्र त्याला शंभर वेळा विचारलं तरी सांगता येणार नाही.

माणसाच्या स्मरणशक्तीची ही खोड मानसशास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षं खुणावते आहे. देशावर मोठा आघात झाला की आपण आघात तर लक्षात ठेवतोच, पण तो कळला त्या क्षणीचा आपला कोपरासुद्धा लक्षात ठेवतो. असं का होतं आणि लक्षात राहिलेलं कितपत खरं असतं, हे दोन प्रश्न या प्रकरणात पाहायचे आहेत. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यापेक्षा अवघड आहे.

आधी त्या बुधवारी काय घडलं ते पाहू. दिल्लीत सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास इंदिरा गांधी १ सफदरजंग रोडवरच्या निवासातून शेजारच्या १ अकबर रोडवरच्या कार्यालयाकडे पायी निघाल्या होत्या. ब्रिटिश अभिनेते पीटर उस्तिनोव्ह तिथे त्यांची मुलाखत चित्रित करण्यासाठी थांबले होते. वाटेतल्या फाटकापाशी त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांना तातडीनं एम्समध्ये नेलं. त्या गेल्याचं बीबीसीनं दिवसाच सांगितलं. आपल्याकडची अधिकृत घोषणा व्हायला संध्याकाळ झाली. दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ही बातमी दिली, तेव्हा गोळीबाराला दहा तास होत आले होते. तिकडे सियालकोटला भारत-पाकिस्तान एकदिवसीय सामना चालू होता. भारतानं ४० षटकांत ३ बाद २१० धावा केल्या होत्या आणि दिलीप वेंगसरकर ९४ धावांवर नाबाद राहिले होते. पाकिस्तानचा डाव सुरूच झाला नाही. सामना सोडून दिला गेला, दौरा रद्द झाला.

म्हणजे एकच बातमी कुणाला सकाळी कुजबुजीतून कळली, कुणाला दुपारी बीबीसीवरून, कुणाला संध्याकाळी दूरदर्शनवरून, तर कुणाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र गावात पोहोचल्यावर. घटना एका ठिकाणी एकदाच घडली. तिची बातमी मात्र कोट्यवधी वेळा, कोट्यवधी जागी घडली. आपण ज्या आठवणींबद्दल बोलतो आहोत त्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत. हा फरक ध्यानात ठेवला नाही तर पुढचा सगळा घोळ कळत नाही.

या विषयाचा पहिला अभ्यास १८९९ सालचा. एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या अमेरिकन संशोधकानं १७९ लोकांना विचारलं, की अब्राहम लिंकन यांच्या खुनाची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता? खून १८६५ सालचा, म्हणजे मध्ये तेहेतीस-चौतीस वर्षं गेलेली. तरीही १२७ जणांनी जागा, वेळ, बातमी कुणी सांगितली असा सगळा तपशील दिला. तो तपशील खरा होता का, हे तपासायची कुठलीच सोय कोलग्रोव्हकडे नव्हती आणि तो प्रश्न त्याला पडलाही नाही. पुढे पाऊणशे वर्षं तो इतर कुणी फारसा विचारला नाही.

१९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी या आठवणींना एक नाव दिलं आणि ते चिकटलं : फ्लॅशबल्ब स्मृती. जुन्या कॅमेऱ्यावरचा दिवा एकदाच लखकन उजळायचा आणि समोर असेल ते सगळं फिल्मवर उमटायचं. धक्कादायक आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाची बातमी कानावर पडली, की मेंदू असाच त्या क्षणाचा ठसा घेतो, असं त्यांचं म्हणणं. लोक काय सांगतात हे त्यांनी बारकाईनं पाहिलं, तेव्हा तेच ते सहा धागे पुन्हा पुन्हा आले : मी कुठे होतो, काय करत होतो, कुणी सांगितलं, मला काय वाटलं, इतरांना काय वाटलं आणि लगेच पुढे काय झालं. एसटी स्टँडवरच्या माणसाची आणि दळणवाल्या बाईंची उत्तरं याच धाग्यांनी विणलेली आहेत.

ब्राउन आणि कुलिक यांच्या अभ्यासातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग मात्र फार कमी वेळा सांगितला जातो. त्यांनी ८० जणांना विचारलं, त्यात ४० गोरे होते आणि ४० कृष्णवर्णीय. जॉन केनेडी यांच्या खुनाची अशी लख्ख आठवण एक जण सोडून सगळ्यांकडे होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाचं विचारलं तेव्हा ४० कृष्णवर्णीयांपैकी ३० जणांना ती बातमी कळल्याचा क्षण तपशिलासकट आठवत होता. ४० गोऱ्यांपैकी १३ जणांना. देश तोच, वर्तमानपत्रं तीच, दूरचित्रवाणीही तीच. फरक होता तो ज्याचं माणूस गेलं त्याचा.

महाराष्ट्रात हे समजायला अमेरिकेचे आकडे लागत नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीत २६ अलिपूर रोडच्या घरी झोपेतच गेले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. पार्थिव विमानानं मुंबईला आणलं, राजगृहावर ठेवलं आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीनं अंत्यसंस्कार झाले. दलित वस्त्यांमधल्या वृद्धांना या दिवसाबद्दल विचारलं, की सहाच्या सहा धागे हातात येतात : निरोप कुणी आणला, आई काय करत होती, बाप तसाच कसा निघाला, गाडीत पाय ठेवायला जागा कशी नव्हती. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, वरच्या आळीतल्या माणसाला विचारलं तर पुष्कळदा ‘हो, वर्तमानपत्रात वाचलं असेल’ एवढंच उत्तर येतं. ‘राष्ट्रीय शोक’ हे शब्द सरकारी परिपत्रकात सगळ्यांसाठी सारखे असतात. स्मरणात ते कधीच सारखे नसतात. १९८४ चंही तसंच. महाराष्ट्रातल्या बहुतेकांची आठवण ३१ ऑक्टोबरची असते, तर दिल्लीतल्या शीख कुटुंबांची आठवण त्या संध्याकाळपासून पुढच्या चार दिवसांत त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यांची असते आणि ती बातमी ऐकल्याची नसते.

आता दुसरा प्रश्न. हे सगळं खरं असतं का?

उल्रिक नाइसर हे नाव मानसशास्त्रात फार मोठं. त्यांना स्वतःला अशी एक आठवण होती. ७ डिसेंबर १९४१ ला जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. घरातल्या बैठकीत बसून ते रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन ऐकत होते, मध्येच वर्णन थांबवून हल्ल्याची बातमी दिली आणि ते आईला सांगायला धावत जिना चढून गेले. हे चित्र त्यांनी वर्षानुवर्षं जपलं. पुढे कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं, की अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. इतका उघड विसंगत तपशील इतकी वर्षं त्या आठवणीत सुखानं नांदत होता आणि स्मृतीचा अभ्यास हेच ज्यांचं आयुष्य त्यांनाही तो खटकला नव्हता. नंतर इतर अभ्यासकांनी शोधून काढलं, की त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये फुटबॉलचा सामना झाला होता आणि त्यातल्या दोन्ही संघांची नावं बेसबॉलच्या संघांसारखीच होती. म्हणजे आठवण पूर्ण बनावट नव्हती. तिचा गाभा टिकला होता, मधला एक सांधा बदलला होता.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि आतले सातही अंतराळवीर गेले. नाइसर तेव्हा अटलांटाच्या एमरी विद्यापीठात होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी वर्गातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली : बातमी कुठे कळली, कुणाकडून, तेव्हा काय करत होता. प्रश्नावल्या कपाटात ठेवल्या. अडीच वर्षांहून अधिक काळ गेल्यावर, १९८८ च्या शरद ऋतूत, निकोल हार्श यांच्यासोबत त्यांनी त्यातल्या ४४ जणांना गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरं जुळवून सातपैकी गुण दिले. पूर्ण सात गुण फक्त तिघांना मिळाले. ११ जणांना शून्य. निम्म्यांना दोन किंवा त्याहून कमी. एका विद्यार्थिनीनं पहिल्या वेळी लिहिलं होतं, की धर्माच्या तासाला काही मुलं आत येऊन त्याबद्दल बोलायला लागली. नंतर तीच सांगत होती, की वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही पाहताना बातमी झळकली.

शून्य गुण मिळालेल्यांपैकी अनेकांना आपली आठवण बरोबर असल्याची जवळजवळ पूर्ण खात्री होती. पुढे त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला १९८६ चा कागद दाखवला. तो पाहूनही कुणाची जुनी आठवण परत आली नाही. नवी आठवण जुनीच्या शेजारी येऊन बसलेली नव्हती, तिनं जुनीची जागाच घेतली होती.

हा प्रयोग वाचल्यापासून मी घरातल्या आठवणींकडे वेगळ्या नजरेनं पाहते. माझी मावशी १९८४ साली साताऱ्यात नववीत होती. तिची ३१ ऑक्टोबरची आठवण अशी : गणिताचा तास चालू होता, शिपाई नोटीस घेऊन आला, बाईंनी ती वाचली आणि खुर्चीवर बसल्या, मग शाळा सोडली आणि निळा पिनाफोर घातलेल्या मुली रस्त्यानं न बोलता घरी गेल्या. ती हे इतकं सुरेख सांगते, की ऐकणाऱ्याच्याही डोळ्यांपुढे वर्ग उभा राहतो. पण त्या वर्षीचं पंचांग काढलं, तर लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. दिवाळीला जेमतेम आठवडा झालेला. मराठी शाळांना तेव्हा दिवाळीची चांगली तीन आठवड्यांची सुट्टी असायची. मावशी त्या दिवशी वर्गात असण्याची शक्यता फार कमी आहे.

ती खोटं बोलत नाही. शिपायानं नोटीस आणणं, बाईंचा चेहरा, मध्येच शाळा सुटणं हे सगळं तिच्या आयुष्यात केव्हातरी खरंच घडलेलं असणार. कुठल्याशा पुढाऱ्याच्या निधनानंतर, दुसऱ्या कुठल्या वर्षी. मोठी बातमी आणि तिला शोभणारं दृश्य अशी दोघांची गाठ नंतर कधीतरी पडली. तुमच्या घरात कुणाची ३१ ऑक्टोबरची आठवण शाळेतली असेल, तर हे पंचांग एकदा जरूर पाहा. राजीव गांधींच्या हत्येच्या आठवणींनाही अशीच एक कसोटी लावता येते. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरचा स्फोट रात्री दहानंतर झाला. ज्यांना ती बातमी त्याच दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत पाहिल्याचं आठवतं, त्यांची आठवण नंतरच्या एखाद्या संध्याकाळची आहे. उलट ‘उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो होतो, गच्चीवर झोपलेलो, सकाळी उठवून सांगितलं’ असं कुणी म्हणालं, तर महिना, वेळ, जागा सगळं बरोबर बसतं.

आठवणीत भेसळ करणाऱ्यांमध्ये टीव्हीचा हात मोठा. चॅलेंजरच्या अभ्यासात पहिल्या दिवशी २१ टक्के विद्यार्थ्यांनी बातमी टीव्हीवर कळल्याचं लिहिलं होतं. नंतर तसं सांगणारे ४५ टक्के झाले. तोंडी ऐकलेली बातमी पुसट असते आणि मग दिवसभर टीव्हीवर पाहिलेलं दृश्य ठसठशीत. ठसठशीत पुढे सरकतं. नेदरलँड्समध्ये याहून धक्कादायक गोष्ट दिसली. ४ ऑक्टोबर १९९२ ला अॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू बोइंग ७४७ विमान राहत्या इमारतीवर कोसळलं, ४३ माणसं गेली. विमान आदळतानाचं चित्रण कुणाकडेच नव्हतं. सुमारे दहा महिन्यांनी संशोधकांनी १९३ जणांना विचारलं, की विमान इमारतीवर आदळतानाचं दृश्य तुम्ही टीव्हीवर पाहिलंत का? ५५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. नसलेलं चित्रण निम्म्याहून अधिक लोकांनी पाहिलेलं होतं. आग आणि ढिगारे त्यांनी खरोखरच पाहिले होते, विमान कसं आदळलं असेल ते मनानं भरलं आणि प्रश्नानंच त्याला खरेपणाचा शिक्का दिला.

आपल्याकडे १९८४ च्या आठवणींत ३ नोव्हेंबरचं अंत्यदर्शन आणि शक्तिस्थळावरचा अंत्यसंस्कार हमखास मिसळतो. त्या दिवसांत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरात आख्खी चाळ येऊन बसली होती. चितेला अग्नी देणारे राजीव गांधी सगळ्यांनी पाहिले. चार दिवसांचं ते पाहणं आणि बुधवारचं ऐकणं यांची सरमिसळ झाली नसती तरच नवल.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर संशोधक तयारीत होते. ड्यूक विद्यापीठात जेनिफर तालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबरलाच ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या : एक हल्ल्याची बातमी कळल्याची, दुसरी त्याच दिवसांतली एखादी साधी, पार्टीची किंवा सहलीची. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा विचारलं. दोन्ही आठवणी सारख्याच वेगानं झिजल्या होत्या. साध्या आठवणीबद्दलची खात्रीही तिच्याबरोबर झिजली. हल्ल्याच्या आठवणीबद्दलची खात्री मात्र तशीच ताठ होती. विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात शहरांत तीन हजारांहून अधिक लोकांपासून सुरुवात करून दहा वर्षं हाच पाठपुरावा केला. जी काही मोडतोड व्हायची ती बहुतेक पहिल्या वर्षातच होते, असं त्यांना आढळलं. त्यानंतर आठवण थिजते. पहिल्या वर्षात शिरलेली चूकही तिच्यासोबत थिजते आणि माणूस ती पुढे दहा वर्षं न चुकता तशीच सांगत राहतो. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली आणि ती मला फार विचार करायला लावते : जागा आणि माणसं यांपेक्षा ‘तेव्हा मला काय वाटलं’ हेच लोक अधिक चुकीचं सांगतात. आजची भावना ते तेव्हाच्या क्षणावर घालतात.

मग एवढी खात्री येते कुठून? याचं उत्तर अर्धं मेंदूत आहे आणि अर्धं गप्पांत.

कानशिलाच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, त्याला अमिग्डला म्हणतात. धोका, भीती, धक्का यांची पहिली दखल तो घेतो. त्याच वेळी शरीरात अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, जिथे नव्या आठवणी बांधल्या जातात त्याला, हे नीट जप असा इशारा जातो. कॅलिफोर्नियात जेम्स मॅगॉ यांनी अनेक दशकं यावर संशोधन केलं. पण धक्क्यात लक्ष आकसतं. मधली गोष्ट ठळक उमटते, कडेच्या पुसट राहतात आणि पुढे रिकाम्या कडा मन आपल्या परीनं भरतं. ताली शारोत यांनी ११ सप्टेंबरनंतर सुमारे तीन वर्षांनी मॅनहॅटनमधल्या लोकांना त्या दिवसाची आठवण काढायला सांगून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. जे हल्ल्याच्या जागेजवळ होते, ज्यांच्या नाकात तो धूर गेला होता, त्यांचा अमिग्डला त्या आठवणीला विशेष जागा झालेला दिसला. काही मैल दूर असलेल्यांचा तसा झाला नाही. आठवण दोघेही तितक्याच आवेगानं सांगत असतील, पण मेंदूच्या लेखी सोसणं आणि ऐकणं या निरनिराळ्या गोष्टी आहेत.

नाइसर यांनीही पुढे हाच धागा पकडला. १७ ऑक्टोबर १९८९ ला उत्तर कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला. त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांच्या आणि दूर अटलांटात केवळ बातमी ऐकलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणी लगेच नोंदवल्या आणि दीड वर्षानं पुन्हा तपासल्या. अटलांटावाल्यांच्या आठवणी बऱ्याच घसरल्या होत्या. भूकंप अंगावर घेतलेल्यांच्या जवळजवळ जशाच्या तशा होत्या. घाबरलेल्यांना जास्त आठवत होतं आणि न घाबरलेल्यांना कमी, असंही नव्हतं. नाइसर यांचा अंदाज असा, की ते या भूकंपाबद्दल पुन्हा पुन्हा बोलले होते आणि त्यामुळे आठवण टिकली असावी.

किल्लारीच्या परिसरात गेलं की हे पटतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. जाड दगडी भिंतींची माळवदाची घरं झोपेतल्या माणसांवर बसली. इथल्या माणसाला ‘बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता’ हा प्रश्न विचारताच येत नाही. तो सांगतो ते कुठल्या भिंतीखाली होतो, कुणाचा आवाज आधी येत होता आणि मग थांबला, उजाडेपर्यंत कुणी किती जणांना हातानं उकरून काढलं. पुण्यात बसलेल्यानं त्या सकाळी रेडिओवर काय ऐकलं आणि किल्लारीतल्यानं काय पाहिलं, या दोन्ही ‘१९९३ च्या आठवणी’ म्हणून एका पंक्तीत मांडणं मला योग्य वाटत नाही.

३० जानेवारी १९४८ च्या बाबतीत हा फरक महाराष्ट्रात फार वेदनेनं दिसतो. दिल्लीत संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. देशातल्या बहुतेकांची आठवण संध्याकाळच्या रेडिओची, बंद पडलेल्या बाजाराची, न पेटलेल्या चुलीची आहे. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण असल्याचं कळल्यावर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. त्या घरांतल्या मुलांची आठवण बातमीपाशी थांबतच नाही, ती अंगणात लोक शिरल्यापासून सुरू होते. व्यंकटेश माडगूळकरांनी त्या दिवसांवर ‘वावटळ’ लिहिली. गांधीजींचा खून आणि जळणारं घर अशी दोन दुःखं एकाच आठवणीत बाळगणं किती अवघड असेल, आणि त्यातलं दुसरं दुःख मोठ्यानं सांगणं त्याहून किती अवघड, याचा विचार स्मृतीवरच्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. तो आपल्यालाच करावा लागेल.

नाइसर यांचं आणखी एक म्हणणं मला या सगळ्याच्या मुळाशी जाणारं वाटतं. या आठवणी मेंदूनं त्या क्षणी घेतलेल्या ठशामुळे टिकत नाहीत, असं ते म्हणत. देशाचा इतिहास आणि आपलं आयुष्य एकमेकांना जिथे स्पर्श करतात, तिथे आपण खूण करून ठेवतो आणि म्हणून त्या टिकतात. मराठी घरांत तर आयुष्याची मोजणीच अशा खुणांवर होत आली आहे. ‘पानशेत फुटलं तेव्हा तू पाळण्यात होतास.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाल्लेली पोरं आम्ही.’ ‘कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी लग्न झालं.’ गावाकडच्या हजारो माणसांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकलेली असते. खरं वय काढायला पूर, दुष्काळ, भूकंप हीच साधनं उरतात. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाणी शनिवार, नारायण, कसबा अशा पेठांत शिरलं. पुण्यातल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात आजही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असे दोन काळ येतात. इथे आठवणीला काम आहे. ती कामाला जुंपलेली असल्यामुळे पुन्हा पुन्हा काढली जाते आणि काढली जाते म्हणून टिकते. प्रत्येक वेळी काढताना थोडी बदलतेही.

२६ नोव्हेंबर २००८ पासून या आठवणींचा पोतच बदलला. त्या संध्याकाळी कटकला भारत-इंग्लंड सामना होता, पुष्कळ घरांत टीव्ही आधीच चालू होता. रात्री साडेनऊच्या सुमारास मुंबईत हल्ला सुरू झाला आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला. इथे कुणी धावत येऊन बातमी दिली नाही. पट्टी सरकत राहिली, सीएसटीपासून ताजपर्यंत जागांची नावं वाढत गेली, फोन लागेनासे झाले. एका क्षणाचा ठसा असावा तर तो कुठल्या क्षणाचा? लोक बहुधा पहिला फोन कुणाला केला ते सांगतात. आज मोबाइलमध्ये निरोपाची तारीख आणि मिनिट राहतं. तीस वर्षांनी एखाद्या मावशीची आठवण तपासायला पंचांग काढावं लागणार नाही.

जुन्यांच्या बाबतीत ती सोय नाही आणि वेळही फार उरलेला नाही. ६ डिसेंबर १९५६ ला जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं असेल तर वरच्या सगळ्या प्रयोगांचा उपयोग करून घ्यावा. बोलण्याआधी फोटो किंवा चित्रफीत दाखवू नये, नाहीतर तीच आठवण होऊन बसते. घरातल्या चार जणांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाचं वेगळं ऐकावं. ‘फार वाईट वाटलं असेल ना’ असं विचारू नये. हातात काय काम होतं ते विचारावं, निरोप कुणी आणला, तो पायी आला की सायकलवर, त्या दिवशी मजुरी बुडाली का, मुंबईला घरातलं कोण गेलं, गाडीभाड्याचे पैसे कुणाकडून घेतले आणि मागे राहिलेल्यांनी ते दोन दिवस काय केलं. उत्तर पंचांगाशी जुळलं नाही तरी सांगणाऱ्याला अडवू नये. ते तसंच उतरवून घ्यावं आणि कागदाच्या वर सांगणाऱ्याचं वय, गाव आणि आजची तारीख लिहावी.